वाकड्या झाडांना भाव

बूट घट्ट बांधा. फोन, घड्याळ, पाण्याची बाटली, सगळं मागे ठेवा. रेनकोटही नको, त्याच्या सळसळीने डुकरं बुजतील. कुठली डुकरं, ते पाच मिनिटांत कळेल. अंगात जाड लोकरीचा कोट घाला. भिजला की त्याला मेंढीचा वास येतो, आणि तो आज दिवसभर भिजलेलाच राहणार आहे. पुरुषांनी गुडघ्यापर्यंतची विजार आणि लांब मोजे चढवा. बायकांनी एकावर एक दोन-तीन परकर आणि वर झगा. झगा घोट्याच्या वर खोचून घ्या, कारण खाली चिखल आहे आणि तो संध्याकाळपर्यंत तुमचा पाय सोडणार नाही.

आपण निघालोय इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला, हॅम्पशरमधल्या न्यू फॉरेस्टमध्ये. साल १७८०, महिना ऑक्टोबर. तिकडे पुण्यात नाना फडणवीस कारभार हाकताहेत. इथे मात्र पुणं कुठे आहे हे सांगू शकणारा माणूस मैलोन्‌मैल भेटणार नाही. तुमचा रंग बघून कुणी विचारलंच, तर ‘पोर्ट्समथला लागलेल्या कंपनीच्या जहाजावरून आलो’ म्हणा. हिंदुस्थानी खलाशी या किनाऱ्याला अगदीच अनोळखी नाहीत. बायकांनी ‘मडमेबरोबर आलेली आया’ म्हणून सांगावं. राग येईल, पण समोरच्याला पटेल.

आता डोळे उघडा आणि आधी श्वास घ्या. कुजलेली पानं, ओली माती, अळंब्यांचा दमट वास. त्याच्या मागून धूर, आणि धुरात मिसळलेली डुकरांची उग्र घाण. तुम्ही लिंडहर्स्ट गावाच्या पश्चिमेला, ओक आणि बीचच्या रानात उभे आहात. बीचची खोडं राखाडी आणि गुळगुळीत, ओकची काळपट, खरबरीत, शेवाळ चढलेली. वर पानं पिवळी पडलीत, खाली नेचे तांबूस झालेत. मधूनच टप्‌, टप्‌, टप्‌ असा आवाज येतो. पाऊस नाही तो. ओकची फळं पडताहेत. एक डोक्यात बसलं की ‘आई गं’ म्हणायचं आणि पुढे चालायचं.

आणि तो कडकड आवाज? तीच डुकरं. झुडपामागून पहिली डुकरीण बाहेर येते, चिखलाने पोटापर्यंत माखलेली, मागे आठ-दहा पिल्लं. तुमच्याकडे तिचं लक्षही नाही. नाकाने पाला उडवते, फळ उचलते, दाढेखाली फोडते, आतला गर गिळते आणि टरफल ओठाच्या कडेने टाकून देते. पुन्हा नाक खाली. थोडं वाकून बघा: नाकात लोखंडी कडी आहे. ती नसती तर या बाईंनी जमीन नांगरल्यासारखी उकरून ठेवली असती. शेतकऱ्यांनी आपापली डुकरं रानात सोडलीत ती या फळांसाठीच. हिरवी फळं जास्त खाल्ली तर गाई-घोडे मरतात. डुकरांना मात्र ती पचतात आणि त्यांच्या अंगावर चरबी चढते. म्हणजे डुकरांचं पोट भरतं, घोड्यांचा जीव वाचतो आणि मालकाची हिवाळ्याची बेगमी होते.

पलीकडच्या दरीतून घोरण्यासारखा, ढेकर दिल्यासारखा खर्जातला आवाज येईल. दचकू नका, भूत नाही. माजावर आलेला हरणाचा नर आहे. त्याला बघायला जवळ जाऊ नका. एक तर तो सध्या कुणाचंच ऐकण्याच्या मनःस्थितीत नाही, आणि दुसरं म्हणजे हरणं राजाची आहेत. वनरक्षकाने तुम्हाला हरणाच्या मागे झुडपात पाहिलं, तर ‘फक्त बघत होतो’ हे उत्तर चालणार नाही. त्यापेक्षा वर बघा. फांदीवरून तांबूस शेपटी नाचवत खार पळतेय. या रानात अजून तांबड्या खारींचंच राज्य आहे. अमेरिकेतून येणाऱ्या करड्या खारींना जवळजवळ शंभर वर्षं अवकाश आहे.

हे जंगल नावाला नवं. राजा विल्यमने शिकारीसाठी ते राखून ठेवलं १०७९ च्या सुमारास, म्हणजे तुम्ही उभे आहात त्या दिवसाच्याही सातशे वर्षं आधी. पण राजा शिकारीला कधीतरी येणार. इथल्या माणसांना रोज चूल पेटवायची असते. त्यामुळे या रानात ज्या वस्तूकडे तुम्ही बोट दाखवाल, तिच्यावर कुणाचा तरी हक्क निघेल. गवतावर गाई-घोडे चारण्याचा हक्क कुणाचा, ओकच्या फळांवर डुकरं सोडण्याचा कुणाचा, सरपण नेण्याचा कुणाचा, माळावरचं गवताळ ढेकूळ जाळण्यासाठी कापण्याचा कुणाचा. हक्क माणसाला नसतो, घरा-जमिनीला चिकटलेला असतो. घर विकलं की हक्कही त्याच्याबरोबर गेला. माळावर ढेकळं कापायचीही रीत आहे: एक कापलं तर शेजारची दोन सोडायची, म्हणजे जमीन पुन्हा भरून येते. कुणी तीनही उचलली तर गावात दुसऱ्या दिवशी बोभाटा.

चला, त्या माणसाच्या मागे जाऊ. हातात पातळ लाकडाच्या फळ्यांचे वेडेवाकडे साचे घेऊन, मान वर करून तो झाडांभोवती फिरतोय. माथेफिरू वाटतो खरा, पण तो जहाजासाठी झाडं निवडायला आलाय. तुम्ही त्याला मदत करायच्या उत्साहाने एखादा सरळसोट, उंच ओक दाखवाल. तो मानेनेच ‘ठीक आहे’ म्हणेल. त्याच्या फळ्या निघतील. पण त्याचे डोळे चमकतात ते उघड्या जागेवरच्या बुटक्या, पसरट, कमरेत मोडल्यासारख्या वाकलेल्या झाडापाशी. साचा वर धरून तो एक डोळा मिटतो. फांदीचा बाक आणि साच्याचा बाक जुळला. जहाजाच्या बरगड्या आणि तक्तपोशीला आधार देणारे काटकोनी गुडघे सरळ लाकडातून कापले तर रेषा आडव्या जातात आणि पहिल्या वादळात लाकूड चिरतं. झाडच त्या आकारात वाढलं असलं तर रेषा बाकाबरोबर वळतात आणि लाकूड तुटत नाही. त्यामुळे या रानात वाकड्या झाडाला सरळ झाडापेक्षा जास्त भाव. नात्यातल्या कुणाची आठवण झाली असेल तर मनातच ठेवा.

खोडावर हात फिरवून बघा. काही झाडांवर बाणाची खूण ठोकलेली दिसेल. ते झाड राजाच्या नौदलाचं. काही ओक मात्र माणसाच्या डोक्याच्या थोडं वर एकदम फुटून पंजासारखे पसरलेत. पूर्वी त्यांच्या फांद्या सरपणासाठी आणि जनावरांच्या चाऱ्यासाठी छाटत. छाटलेल्या झाडातून जहाजाचं लाकूड मिळत नाही, म्हणून १६९८ च्या कायद्याने ही छाटणी बंद केली. गंमत अशी की छाटलेली झाडं जहाजाच्या कामाची उरली नाहीत आणि त्यामुळेच वाचली. लिंडहर्स्टजवळचा नाइटवुड ओक त्यातलाच. आज त्याचा घेर सात मीटरच्या वर आहे.

धुराचा वास वाढलाय, डोळे चुरचुरताहेत. मोकळ्या जागेत मातीचा एक मोठा घुमट दिसतोय, त्याच्या अंगातून निळसर धूर पाझरतोय. कोळशाची भट्टी. रायगड-ठाण्याच्या रानात कातकऱ्यांनी पाडलेल्या कोळशाच्या भट्ट्या पाहिल्या असतील तर इथे काही समजावून सांगायला नको: तसाच रचलेला लाकूडफाटा, तसंच वरून मातीचं लिंपण, तशीच रात्रंदिवसाची राखण. आत हवा शिरली की ज्वाळा उठते आणि चार दिवसांच्या मेहनतीची राख होते. म्हणून राखणदार बसलाय एका पायाच्या स्टुलावर. डुलकी लागली की तो आडवा पडतो आणि पडला की जागा होतो. गजराचं इतकं खात्रीचं घड्याळ तुमच्या फोनमध्येही नाही. त्याचे दात आणि डोळ्यांतलं पांढरं सोडलं तर सगळा माणूस काळा आहे. तो तुम्हाला काहीतरी विचारतो. इंग्रजी कच्चं आहे म्हणून वाईट वाटून घेऊ नका. त्याची बोली लंडनच्या माणसालाही एका ऐकण्यात कळणार नाही.

पोटात कावळे ओरडायला लागले असतील. रानाच्या कडेला ती बुटकी झोपडी आहे ना, माती आणि पेंढा मळून उभारलेल्या भिंतींची, गवताने शाकारलेली, तिथे शिरा. दारात वाकायला विसरलात तर चौकट आठवण करून देईल. इथल्या लोकांत एक समजूत आहे: रातोरात घर उभं करून सकाळच्या आत चुलीतून धूर काढला, तर ते घर कुणी पाडू शकत नाही. हे घर तसं आहे का, ते विचारू नका. काही प्रश्न पाहुण्यांनी विचारायचे नसतात.

आत अंधार, ऊब आणि धूर. चुलीत माळावरची वाळलेली ढेकळं धुमसताहेत. त्यांचा वास मातकट आणि थोडा गोडसर असतो, आणि तो आता तुमच्या केसांत राहायला आलाय. धुराड्यात वर बघा: मिठात मुरवलेल्या डुकराच्या मांसाच्या लांबलचक फाकी टांगल्यात, मागच्या वर्षीच्या. या वर्षीचं डुक्कर अजून बाहेर फळं खातंय, नोव्हेंबरपर्यंत त्याला काही सांगू नका. घरधनीण लाकडी ताटलीत बेकनचा तुकडा, जाडसर पाव आणि चीज ठेवते. शाकाहारी असाल तर पाव, चीज, कांदा, बस्स. मिरची मागू नका. प्यायला पातळ बिअर, जी या घरात पाच वर्षांचं पोरही पितं. पावाचा कण दाताखाली कचकचतो, जात्याच्या दगडाची भुकटी असते ती. पोरं तुमच्याभोवती गोळा होतात, एक मुलगी हळूच बोट लावून तुमचा रंग निघतो का बघते. लावू द्या.

मग ती बाई आतल्या खोलीतून चिमूटभर चहा आणते आणि आवाज खाली आणते. चहा चीनचा आहे, पण तो कुठल्या वाटेने आला ते तिला माहीत आहे आणि तुम्हीही ओळखलंय. चहावर सरकारी कर इतका जबर आहे की अर्धा किनारा रात्री जागा असतो. ब्रँडीची पिंपं, चहाची पोती, लेसचे गठ्ठे होड्यांतून उतरतात आणि चांदणं नसलेल्या रात्री माळावरून घोड्यांच्या पाठीवर पुढे जातात. चहा दुधाशिवाय, साखरेशिवाय आणि कराशिवाय. प्या, ‘छान झालाय’ म्हणा, आणि निघा.

इथून किनाऱ्याकडे जाताना रान संपतं आणि माळ लागतो. मैलच्या मैल हेदरची झुडपं, फुलं सुकून तपकिरी झालेली. काटेरी गॉर्सवर मात्र अजून पिवळे ठिपके. वारा अंगावर येतो आणि त्यात पहिल्यांदाच मिठाचा वास लागतो. बुटकी, दणकट, ढेरपोटी घोडी वाटेत उभी आहेत. ती रानटी दिसतात, पण प्रत्येकाला मालक आहे. बाजूला होणार नाहीत, तुम्हीच वळसा घाला. मागून बैलांची किंवा घोड्यांची लांबच लांब रांग ओढत येतेय ती लाकडाची गाडी. चाकं आसापर्यंत रुतलीत, गाडीवान घसा फोडून ओरडतोय, जनावरांच्या पाठीतून वाफ निघतेय. गाडीवर एकच ओंडका आहे, वाकडा. सकाळचा तो साचेवाला आठवला? त्यानेच कधीतरी निवडलेल्या झाडांपैकी हे एक.

माळ उतरला की ब्यूली गाव. इथली जमीन, नदी, जंगलाची ही कडा, सगळी माँटेग्यू घराण्याची जहागीर. नदीचा तळसुद्धा त्यांच्याच मालकीचा आहे. त्याआधी इथे सव्वातीनशे वर्षांहून थोडा जास्त काळ मठ होता. राजा जॉनने १२०४ साली सिस्टर्शियन साधूंना ही जागा दिली. आठव्या हेन्रीने १५३८ मध्ये मठ बंद केला. भव्य चर्च पाडलं गेलं आणि त्याचे दगड किनाऱ्यावरचे किल्ले बांधायला गेले. मठाच्या प्रवेशद्वाराची इमारत मालकांचं राहतं घर झाली, आणि साधूंची जेवणाची पंगत जिथे बसायची तो दगडी हॉल गावाचं चर्च झाला.

त्या चर्चमध्ये डोकावल्याशिवाय पुढे जाऊ नका. उजेड उंचावरून येतो, फरशी पायाला गार लागते, मेणबत्त्यांच्या चरबीचा वास दगडात मुरलाय. भिंतीच्या जाडीतच एक जिना कोरलाय, कमानींमागून तो वर चढतो आणि भिंतीतून पुढे आलेल्या दगडी सज्जात संपतो. साधू खाली मुकाट्याने जेवायचे आणि एक जण इथे उभा राहून धर्मग्रंथ वाचायचा. आता रविवारी पाद्री तिथूनच प्रवचन देतो. पायऱ्यांवर हात टेका. त्या खरंच मधोमध खोलगट वाटतील इतके पाय इथून गेलेत.

बाहेर गिरणीचं चाक घरघरतंय. ती भरती-ओहोटीवर चालते: भरतीचं पाणी तळ्यात अडवायचं, ओहोटी लागली की सोडायचं. म्हणजे गावचा पाव कधी भाजला जाणार, हे चंद्र ठरवतो. गिरणीवाल्याची झोपेची वेळ रोज सरकते, आणि त्याचा स्वभाव का असा आहे ते तुम्हाला लगेच कळतं.

नदीकाठाने चालत राहा. ओहोटी लागलीय. दोन्ही काठांना चमकता राखाडी चिखल, त्यावर पाणपक्ष्यांच्या पायांची नक्षी, आणि सडक्या अंड्यासारखा वास. अजून काही दिसत नाही, पण ऐकू येतंय: ठक्‌-ठक्‌-ठक्‌, शंभर हातोड्यांचा एकमेकांशी न जुळणारा ताल. झाडी संपते आणि समोर बकलर्स हार्ड.

विटांच्या घरांच्या दोन रांगा, समोरासमोर, आणि मध्ये रस्ता म्हणावा तर नदीपर्यंत उतरत गेलेलं मैदान. एवढी रुंदी कशाला? आधी इथे वेस्ट इंडीजच्या साखरेचं बंदर वसवायचं एका माँटेग्यू ड्यूकच्या मनात होतं. साखर आली नाही, लाकूड आलं. आता घरांच्या दोन्ही रांगांच्या मध्ये ओकचे ओंडके रचलेत, पोरं त्यावर चढ-उतार खेळताहेत, बायका धुणं वाळत घालताहेत. धुण्यावर लाकडाचा भुसा बसणार, हे त्यांनी केव्हाच मान्य केलंय.

आणि रस्त्याच्या टोकाला, पाण्याच्या काठावर, ते. घराच्या छपरांच्या वर गेलेलं, १६० फूट लांब, पोटाशी फुगलेलं, अजून डोलकाठी नसलेलं जहाज. ‘अ‍ॅगमेम्नॉन’, चौसष्ट तोफांचं. १७७७ पासून ते इथे उभं राहतंय. यात सुमारे दोन हजार ओक गेलेत. काही रानातले, काही आसपासच्या जहागिरींतले आणि शेतांच्या कुंपणातले. नुसती मान वर करून त्याच्या सावलीत उभे राहा. पोट बघितलंत? तो बाक कुठल्या झाडाच्या फांदीत होता, हे आता तुम्हाला ठाऊक आहे.

इथे ओक आंबट वासाचा असतो, व्हिनेगरसारखा. लोखंडी हत्यार लागलं की ओलं लाकूड काळं-निळं पडतं, आणि कामगारांचे हातही. करवतीच्या खड्ड्याकडे या, पण कडेला उभे राहू नका. खड्ड्यावर ओंडका आडवा टाकलाय. वरचा माणूस ओंडक्यावर उभा राहून करवत वर खेचतो आणि आखलेल्या रेषेवर नजर ठेवतो. खालचा खड्ड्यात उभा राहून ती खाली ओढतो. रेषा चुकली तर दोष वरच्याचा, भुसा मात्र सगळा खालच्याच्या डोळ्यांत. खालच्याला वर बघताच येत नाही. तो पायाखालच्या भुशाकडे बघत, आवाजावरून ताल धरतो. असं दिवसभर. खड्ड्यातून कुणी बाहेर आला की त्याच्या भुवया, पापण्या, ओठ सगळं पिवळसर झालेलं. थुंकतो, बिअर पितो, परत उतरतो.

पलीकडे वाफेची लांब पेटी फुसफुसतेय. त्यात जाड फळ्या मऊ होताहेत. दार उघडलं की ओरडा होतो, सात-आठ जण चिंध्या गुंडाळलेल्या हातांनी ती गरम फळी उचलतात आणि धावत सुटतात. थंड व्हायच्या आत ती जहाजाच्या अंगावर वाकवून दाबायची असते. वाटेत उभे राहू नका, सांगितलं होतं ना? फळी बसली की ओकच्याच लाकडी मेखा ठोकून ती पक्की करतात. पाण्यात लाकूड फुगतं, मेख फुगते आणि पकड आणखी घट्ट होते. लोखंडी खिळा गंजतो. मग पोरं येतात, जुन्या दोरखंडांचे धागे पिंजून फळ्यांच्या फटींत ठोसायला, आणि त्यांच्या मागून उकळत्या डांबराची कढई घेतलेला माणूस. हा वास लक्षात ठेवा. डांबर, वाफ, आंबट ओक, घाम, लोहाराच्या भट्टीतला कोळसा. तोच, सकाळच्या काळ्या माणसासारख्यांनी पाडलेला.

नदीकडच्या शेवटच्या घराच्या खिडकीत एक म्हातारा उभा दिसतोय? हेन्री अ‍ॅडम्स, सदुसष्ट वर्षांचा, या सगळ्याचा मालक-कारागीर. सगळं आवार त्याच्या नजरेच्या टप्प्यात आहे. तुम्ही ओंडक्याला टेकून उभे आहात, तेही त्याने पाहिलंय. काहीतरी उचलल्यासारखं करा.

रात्री गुत्त्यात झोपायची सोय होईल. तीन जणांत एक गादी, आणि गादीत तुमच्या आधीपासून राहणारे बरेच जण. चरबीच्या मेणबत्तीचा खरपूस धूर, ओल्या कुत्र्याचा वास, कोपऱ्यात गाणं. एक सांभाळा: पोर्ट्समथच्या बाजूला एकटे भटकू नका. लढाईचे दिवस आहेत आणि नौदलात माणसांना वेठीला धरून नेणाऱ्या टोळ्या हिंडताहेत. जहाज बांधणारे सुतार या धरपकडीतून सुटतात, कारण त्यांच्यावाचून जहाज होणार नाही. तुम्ही सुतारांच्याच टेबलावर बसा. त्यांच्यासारखी बोटं काळी करून घ्या.

आता एक उडी मारू. १० एप्रिल १७८१. त्याच गावाला आज ओळखणार नाही. सगळा मुलूख लोटलाय: गाड्या, घोडे, पाठीवर पोरं, फेरीवाल्यांचे आल्याचे केक, बँड. ओंडक्यांच्या ढिगाऱ्यांवर माणसं, छपरांवर पोरं. तिकडे आपल्याकडे याच महिन्यात बोरघाटातून मागे वळणाऱ्या इंग्रज फौजेला मराठी पथकं पनवेलपर्यंत हैराण करताहेत. इथे ती बातमी यायला कित्येक महिने लागतील. इथे सगळे एकाच गोष्टीची वाट बघताहेत: भरतीची.

घसरणीवर चरबी आणि साबण चोपडलाय. हातोडे एकत्र पडू लागतात आणि जहाजाला धरून ठेवलेले टेकू एकेक करून निघतात. प्रत्येक टेकू निघाला की लाकूड कण्हतं. गर्दी गप्प होते. पाणी काठाला लागलं. कुणीतरी ओरडतं आणि... काहीच होत नाही. एक श्वास. दोन. मग तुमच्या तळपायाला जमीन थरथरल्यासारखी होते आणि ते अवाढव्य अंग हलतं, आधी बोटभर, मग हातभर, मग धडाड्‌. घर्षणाने चरबीतून धूर निघतो, जळक्या चरबीचा वास पसरतो, जहाज पाण्यात शिरतं आणि लाट उलटून काठावरच्या हौशी मंडळींना कंबरेपर्यंत भिजवते. टोप्या हवेत. तुमचीही गेली, परत मिळणार नाही. दोन हजार ओक चिखलातून उठून तरंगू लागलेत. होड्या दोर घेऊन वल्हवत पुढे येतात. हे रिकामं कवच ओढत पोर्ट्समथला न्यायचंय. डोलकाठ्या, शिडं, तोफा आणि पाचशे माणसं तिथे चढतील.

खलाशांना हे ग्रीक नाव काही झेपणार नाही. ते जहाजाला ‘एग्ज-अँड-बेकन’ म्हणतील. इंग्रज नौसेनानी नेल्सन त्याचा कप्तान होईल आणि ते त्याचं लाडकं जहाज ठरेल. १८०५ मध्ये ट्रफाल्गरच्या लढाईत इथल्याच आवारात बांधलेली तीन जहाजं असतील, त्यातलं एक हे. चार वर्षांनी उरुग्वेच्या किनाऱ्यावर ते वाळूत रुतून संपेल.

परत या आता. बूट बाहेर काढा. जहाज गेलं, ओक कमी पडू लागला, आणि नौदलाने मुंबईच्या गोदीत वाडियांकडून मलबारी सागाची जहाजं बांधून घेतली. जमशेटजी बमनजी वाडियांच्या हाताखाली १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलेली ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या बंदरात तरंगते आहे. ओकचं ‘अ‍ॅगमेम्नॉन’ गेलं, सागाची बहीण उरली.

न्यू फॉरेस्टही उरलंय. आज तिथे गेलात तर ते निर्मनुष्य, अनादी, कुणीही हात न लावलेलं रान वाटेल. त्याला भुलू नका. दर फांदीवर, दर फळावर, दर ढेकळावर कुणाचा तरी दावा होता आणि तो सोडायला कुणी तयार नव्हतं, म्हणूनच ते आजवर टिकलं. ते दावे आजही चालू आहेत. जायचं तर ऑक्टोबरात जा. बकलर्स हार्डच्या त्या दोन रांगा, मधलं मैदान आणि अ‍ॅडम्सचं घर जागेवर आहे. ब्यूलीच्या चर्चमधला भिंतीतला जिनाही आहे. रस्त्यात डुकरं आडवी आली तर हॉर्न न वाजवता थांबा, रस्त्यावर पहिला हक्क त्यांचा. आणि घोडी कितीही लाघवीपणे जवळ आली तरी तिला बिस्किट देऊ नका. तिच्या तब्येतीला वाईट असतं, आणि तुम्हाला दंड होतो.